माफीचा साक्षीदार : मराठवाड्यातील काही खून आणि त्यांची साक्ष

कोर्टाच्या मराठीत साक्षीदारांचे दोन प्रकार असे आहेत, की त्यांची नावे ऐकताच अर्थ कळतो. एक फितूर साक्षीदार आणि दुसरा माफीचा साक्षीदार. ज्याने सरकार पक्षाकडून बोलायचे तो ऐनवेळी उलटला की तो फितूर. आणि जो गुन्ह्यात स्वतः सामील होता, पण शिक्षेतून माफी मिळेल या अटीवर साथीदारांची नावे सांगायला तयार झाला, तो माफीचा. खरे तर फितूर दोघेही. एक सरकारला फितूर, दुसरा टोळीला. पण भाषेने एकाला 'फितूर' हा पेशवाई बखरीतला शिक्का मारला आणि दुसऱ्याला 'माफी'ची शाल पांघरली. या दोन माणसांभोवती मराठवाड्यातल्या काही खुनांचा इतिहास कसा फिरत राहिला, ते या लेखात मांडायचे आहे.

मराठवाडाच का, असे कोणी विचारील. खून सगळीकडे होतात, आणि हा प्रदेश इतरांपेक्षा अधिक रक्तलांछित आहे असे माझे अजिबात म्हणणे नाही. पण या पाच-सात जिल्ह्यांत दोनशे वर्षांत राजवटी बदलल्या, कायदे बदलले. निजामाचे राज्य गेले, १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. त्यामुळे खून झाला तेव्हा साक्ष कोणाची मानायची, या प्रश्नाला दर वेळी वेगळे उत्तर मिळत गेलेले इथे दिसते.

सुरुवात नळदुर्गापासून करतो. बोरी नदीवरचा तो किल्ला आणि बंधाऱ्यातला पाणीमहाल पाहायला आज लोक पावसाळ्यात जातात. १८५३ साली निजामाने कर्जापोटी काही जिल्हे इंग्रजांकडे सोपवले, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहायला आलेला अधिकारी म्हणजे मेडोज टेलर. निजामाच्या नोकरीत आयुष्य काढलेला हा माणूस तोवर इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला होता, तो १८३९ साली छापलेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीमुळे. तरुणपणी निजामाच्या मुलखात पोलीस बंदोबस्ताचे काम करताना वाटेवरच्या प्रवाशांचे गळे आवळणाऱ्या टोळ्यांची कुणकुण त्याला लागली होती. शोध पुरा होण्याआधी त्याला पलटणीत परत बोलावले गेले, आणि ठगांचा छडा लावण्याचे श्रेय आपल्या हातून निसटले, ही खंत त्याने आत्मचरित्रात बोलून दाखवली आहे. ते श्रेय विल्यम स्लीमनकडे गेले.

स्लीमनची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिथून सुरू होते. ठग अनोळखी वाटसरूला मारत, प्रेत पुरत आणि पुढच्या मुक्कामाला जात. मेलेला कोण, हे गावाला ठाऊक नसे. मारणारा कोण, हेही नाही. फिर्यादी नाही, पंच नाही, साक्षीदार नाही. मग गुन्हा सिद्ध कसा करायचा? स्लीमनने पकडलेल्या ठगांनाच बोलते केले. फिरंगिया नावाचा त्याचा ठग-साक्षीदार तर फारच गाजला. हे साक्षीदार टोळ्यांच्या वंशावळी सांगत, नावे सांगत, पुरलेली प्रेते उकरून दाखवत. बदल्यात फाशी टळे. सुटका मात्र होत नसे. त्यांना जबलपूरला डांबून सतरंज्या आणि तंबू विणायला लावले गेले.

एवढ्यावर भागेना, तेव्हा कायदाच बदलला. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरवले की एखादा माणूस कधीही ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येईल. अमुक दिवशी, अमुक माणसाला मारले, हे दाखवण्याची गरज उरली नाही. टोळीत असणे हाच गुन्हा झाला, आणि टोळीत असण्याचा पुरावा म्हणजे दुसऱ्या टोळीवाल्याचे बोट. राधिका सिंघा यांच्यासारख्या इतिहासकारांनी या कायद्याची चिरफाड केली आहे. ठग होतेच नाहीत असे म्हणण्यापर्यंत मी जाणार नाही. पण स्वतःची मान वाचवण्यासाठी बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर किती जण आयुष्यभर आत गेले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. १८७१ साली काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला, त्याची मुळे या विचारातच आहेत. पारधी वस्तीत आजही रात्री-अपरात्री पोलिसांची गाडी उभी राहते, ती एका अर्थाने तिथूनच निघालेली आहे.

इंग्रजांना हा धोका कळला नव्हता असे नाही. १८७२ चा पुरावा कायदा तयार करताना जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने माफीच्या साक्षीदारासाठी दोन कलमे अशी ठेवली की ती एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. कलम १३३ म्हणते, गुन्ह्यातला साथीदार साक्ष द्यायला पात्र आहे, आणि त्याच्या साक्षीला दुसरा दुजोरा नाही एवढ्याच कारणाने शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४ चे 'ब' उदाहरण म्हणते, महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा मिळाल्याशिवाय साथीदार विश्वासास पात्र नाही असे न्यायालय गृहीत धरू शकते. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आणि शहाणपणाने कडी घातली. पुढची दीडशे वर्षे न्यायालये या दोहोंमधली वाट काढत राहिली.

निजामाच्या राज्यात त्या काळी कागदावरचा कायदा काय म्हणत होता, याला खेड्यात फारसा अर्थ नव्हता. विशेषतः मारणारा राजवटीच्या बाजूचा असेल तेव्हा. २९ ऑक्टोबर १९४६ रोजी बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. (२०१५ साली कोल्हापुरात ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्याशी नाव आणि शेवट दोन्ही जुळले, हा योगायोग अंगावर येतो.) अर्जापूरला हुतात्मा स्मारक आहे, शिक्षणसंस्थेला त्यांचे नाव आहे. खटल्याचे नाव मात्र कोणी काढत नाही. राज्यच ज्या खुनाच्या पलीकडच्या बाजूला उभे असते, तिथे साक्ष न्यायालयात नोंदली जात नाही. ती दगडात कोरली जाते. १७ सप्टेंबरला झेंडा फडकतो तेव्हा त्या साक्षीची उजळणी होते.

आता मानवत. परभणी जिल्ह्यातले हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर 'मानवत रोड' नावाचे स्टेशन आहे. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या चौदा महिन्यांत इथे आणि आसपास एकामागून एक दहा खून झाले. बळी गेल्या त्या लहान मुली आणि बायका. त्यात कडेवरचे मूलही होते. साल पाहा. ७२ चा दुष्काळ. मिलो आणि सुकडीवर जगण्याचे, खडी फोडण्याचे दिवस. माणसे कामाच्या शोधात घराबाहेर, पोरे वाऱ्यावर. गरीब घरातली मुलगी संध्याकाळपर्यंत परतली नाही, तर कोणाकडे जायचे हेच कळू नये असा काळ.

स्थानिक तपास अडला, तेव्हा मुंबईच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना बोलावले गेले. रामन राघव प्रकरणामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झालेले होते. तपासातून जी कथा उभी राहिली ती थोडक्यात अशी. गावातला एक वजनदार पुढारी, नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेला. त्याच्या आश्रयाने राहणारी एक स्त्री, जिला मूल हवे होते. वाड्यात पिंपळ, पिंपळावर मुंजा, मुंजाच्या राखणीत पिंपळाखाली गुप्तधन. मुंजा प्रसन्न व्हावा, धन सापडावे, कूस उजवावी, यासाठी कुमारिकांचे रक्त हवे, असे मांत्रिकाने सांगितले. पैशाच्या आमिषाने मारेकरी मिळाले. पुढे काही खून आधीच्या खुनांवर पांघरूण घालण्यासाठी झाले. हे सगळे सरकार पक्षाचे म्हणणे.

सोळा-अठरा जणांचा हा खटला परभणीच्या सत्र न्यायालयात चालला. आणि या खटल्याचा कणा होता माफीचा साक्षीदार. ज्याने मांत्रिकाचे काम केले असे सांगितले गेले, तोच माफी घेऊन साक्षीला उभा राहिला. स्लीमनला जी अडचण होती तीच इथे होती. कट बंद दाराआड शिजला होता. मुंजापुढे काय बोलणे झाले, कोणी कोणाला किती रुपये देऊ केले, हे ऐकणारे सगळे कटातलेच. बाहेरचा कान तिथे नव्हताच.

सत्र न्यायालयाने पुढारी आणि ती स्त्री, दोघांनाही दोषी ठरवले. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ साली आले. त्यामुळे तेव्हा अपील मुंबईला गेले. उच्च न्यायालयाने या दोघांना निर्दोष सोडले आणि प्रत्यक्ष खून करणाऱ्या काहींच्या गळ्याभोवतीचा फास मात्र घट्टच राहिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९७७ मध्ये लागलेला तो निकाल, पुढे सरन्यायाधीश झालेल्या यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेला, आजही देशभरच्या न्यायालयांत उद्धृत होतो. विधी महाविद्यालयातल्या मुलांना तो 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून पाठ असतो. आपण मानवतबद्दल शिकतो आहोत हे त्यांतल्या कित्येकांना माहीत नसते.

या निकालात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि तिन्ही अवघड आहेत.

पहिली, माफीच्या साक्षीदाराबद्दलची. न्यायालयाने म्हटले की साथीदाराच्या साक्षीवर विसंबायला कायद्याची आडकाठी नाही, पण दुजोऱ्याचा नियम आता इतका रुळला आहे की तो जवळजवळ कायद्याइतकाच बळकट आहे. आणि दुजोरा म्हणजे खून झाला याचा दुजोरा नव्हे. प्रेत सापडले, हत्यार सापडले, ते तर माफीचा साक्षीदार बरोबरच सांगणार, कारण तो तिथे होता. प्रश्न असतो तो अमुक आरोपी त्यात होता का हा. तेवढ्याच जागी तो खोटे बोलू शकतो. एका नावाच्या जागी दुसरे नाव घालायला त्याला काहीच कष्ट नसतात. म्हणून प्रत्येक आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा, माफीच्या साक्षीदारापासून स्वतंत्र असा धागा हवा. ज्यांनी हाताने खून केले त्यांच्याबाबत असे धागे मिळाले. ज्यांच्यासाठी खून झाले असे सांगितले गेले, त्या दोघांबाबत न्यायालयाचे समाधान होईल इतके मिळाले नाहीत. सुटका कायम राहिली.

दुसरी, कबुलीजबाबाबद्दलची. आरोपींचे कबुलीजबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवले गेले होते. पण ते नोंदवताना कायद्याने जी काळजी घ्यायला सांगितली आहे ती घेतली गेली नव्हती. तू कबुली द्यायला बांधील नाहीस, ही कबुली तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे नीट समजावणे. कबुली का द्यावीशी वाटते, कोणी दम दिला का, आमिष दाखवले का, हे विचारणे. कागदावरचा दाखला राहून गेला तर ती उणीव नंतर साक्षीने भरून काढता येते. पण मुळात विचारणाच झाली नसेल, तर भरून काय काढणार? असे कबुलीजबाब बाजूला पडले. याच निकालात पोलिसांच्या दांडगाईबद्दल न्यायालयाने जे खडसावले आहे, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. मला तर वाटते, मानवतच्या तपासात सर्वांत महाग पडली ती ही एका न्यायदंडाधिकाऱ्याच्या टेबलावरची घाई. तास-दोन तास अधिक लागले असते.

तिसरी गोष्ट फाशीची. नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यावी यावर त्याचे म्हणणे ऐकणे सक्तीचे केले होते. तसे ऐकले गेले नाही, असा मुद्दा निघाला. न्यायालयाने तत्त्व मान्य केले, पण त्यासाठी प्रकरण खाली परत पाठवायलाच हवे असे नाही, वरचे न्यायालयही ऐकून घेऊ शकते, असे ठरवले. ऐकले. काहींची फाशी कायम झाली.

परभणी जिल्ह्यात चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की निष्कर्ष ठरलेला असतो: मोठे सुटले, छोटे लटकले. ही भावना मी समजू शकतो. पण ती तशीच उचलून लिहायला माझा हात धजत नाही. ज्या दोघांना तीनपैकी दोन न्यायालयांनी सोडले त्यांना गावाने दोषी म्हणत राहणे हा एक अन्याय आहे. आणि माफीच्या साक्षीदाराच्या एकट्या शब्दावर त्यांना लटकवले असते, तर आपण १८३६ साली परत गेलो असतो. तरीही दहा घरांपुढचा प्रश्न मागे उरतोच. मजुरीने खून करणाऱ्याला स्वतःच्या घरात पिंपळ नव्हता. मग हे रक्त कोणासाठी? या प्रश्नाला कायद्याच्या कागदावर उत्तर नाही, आणि उत्तर नाही हेच कायद्याचे उत्तर आहे. अमोल पालेकरांनी १९८१ साली 'आक्रीत' काढला, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर. अलीकडे वेबमालिकाही आली. पडद्यावरच्या कथेला गुन्हेगार लागतोच, तिला दुजोऱ्याची गरज नसते.

नरबळी आणि गुप्तधन यांच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा यायला त्यानंतर आणखी चार दशके गेली. तो आला २०१३ साली, ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर चारच दिवसांत वटहुकूम म्हणून, आणि डिसेंबरमध्ये कायदा म्हणून. तो येण्यासाठीही एक खूनच लागला.

मानवतचा निकाल लागून वर्ष-सव्वा वर्ष झाले आणि मराठवाड्यात वेगळ्याच जातीचे खून झाले. 'जात' हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचिराम कांबळे यांना जमावाने मारले. ते मातंग समाजाचे होते, आणि 'जयभीम' सोडायला तयार नव्हते ही त्यांची आठवण आजही सांगितली जाते.

इथे माफीच्या साक्षीदाराचा प्रश्नच येत नाही. तो लागतो तो गुप्त कटाला. जमाव भर दिवसा येतो, वेशीतून येतो, सगळ्यांना सगळे दिसते. तरी साक्ष मिळत नाही, कारण पाहणारे आणि करणारे एकाच पंगतीत जेवणारे असतात. आणि जे वेगळ्या वस्तीतले असतात त्यांना उद्या त्याच गावात विहिरीवर जायचे असते, त्याच शेतावर मजुरीला जायचे असते. मानवतमध्ये साक्षीदार सापडत नव्हते, कारण कोणी पाहिले नव्हते. टेंभुर्णीसारख्या ठिकाणी सापडत नाहीत, कारण सगळ्यांनी पाहिलेले असते. अंधारापेक्षा हा उजेड तपासाला अधिक जड जातो. विद्यापीठाचे नामांतर, खरे तर नामविस्तार, झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षांनी.

आणि आता मस्साजोग. बीड जिल्हा, केज तालुका. ९ डिसेंबर २०२४ रोजी गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून झाला. पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीकडे मागितलेली खंडणी, कंपनीच्या आवारात तीन दिवस आधी झालेली मारामारी, तिथे रखवालदाराच्या मदतीला सरपंचांनी जाणे, हा तपासातून पुढे आलेला क्रम सर्वांना ठाऊक आहे. तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, मोक्का लागला. दोषारोपपत्रातली छायाचित्रे मार्च २०२५ च्या सुरुवातीला लोकांपुढे आली आणि ४ मार्चला एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. खटल्यातल्या आरोपींबद्दल काही लिहिणे योग्य नाही. ते न्यायालयाने ठरवायचे आहे. मला लिहायचे आहे ते पुराव्याबद्दल.

मानवतचा कट बंद दाराआड होता. मस्साजोगमध्ये मारणाऱ्यांनी स्वतःच मोबाइलवर चित्रण केल्याचे तपास सांगतो. ज्या दुजोऱ्यासाठी १९७४ साली रक्ताचे डाग आणि हत्यारे धुंडाळावी लागली, तो आज फोनमध्ये, टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यात, कॉलच्या नोंदींत पडलेला असतो. पण हा नवा दुजोराही बहुतेक वेळा हातापर्यंतच पोचतो. चित्रणात मारणारा दिसतो, मारायला लावणारा दिसत नाही. मागच्या कोणाचे नाव जोडायचे तर पुन्हा लागतो तो टोळीतला बोलणारा माणूस.

मोक्का, म्हणजे १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, त्यासाठीच आहे. साध्या कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही. मोक्काच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते, आणि ती सहआरोपींविरुद्धही वापरता येते. टोळी सिद्ध करायला मागील दहा वर्षांतली एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखवावी लागतात. म्हणजे गुन्ह्याबरोबर टोळीही तपासायची, आणि टोळीतल्याच्या तोंडून टोळी बांधायची. स्लीमनच्या वाटेवर आपण पुन्हा आलो आहोत, फक्त या वेळी वाटेत काही नाके उभे केले आहेत. वरिष्ठांची पूर्वमंजुरी, कबुलीनंतर आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेणे, साक्षीदाराची ओळख झाकण्याची सोय. नाके असले म्हणजे तिथे कोणी उभे असतेच असे नाही, हे मानवतच्या कबुलीजबाबांनी दाखवलेच आहे.

आणखी एक बदल झाला आहे, ज्याची वकील मंडळींच्या बाहेर कोणी दखल घेतलेली मला दिसली नाही. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुने कलम १३३ आता कलम १३८ झाले. जुन्या कलमात दुजोरा नसलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही असे म्हटले होते. नव्या कलमात एकच शब्द फिरवला आहे. दुजोरा असलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही, असे ते म्हणते. म्हणजे न्यायालये ज्या कडीबद्दल आजवर शहाणपण म्हणून आग्रह धरत होती, ती आता थेट दारालाच बसवली गेली आहे. मस्साजोगचा खून या बदलानंतर पाच महिन्यांनी झाला. त्यामुळे त्या खटल्यात कोणी माफीचा साक्षीदार पुढे आला, तर त्याचे म्हणणे तोलले जाईल ते या नव्या शब्दाच्या काट्यावर.